गृहसर्व्हरवरील जोडणी-सॉफ्टवेअरची स्थापना अयशस्वी होणे

गृहसर्व्हर म्हणजे घरातील सर्व संगणकांसाठी एका ठिकाणी माहिती साठवणारा, ती वाटून देणारा आणि तिच्या राखीव प्रती घेणारा संगणक. घरातील प्रत्येक संगणकावर त्यासाठी एक छोटे जोडणी-सॉफ्टवेअर बसवावे लागते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज होम सर्व्हर या प्रणालीत त्यास 'कनेक्टर' असे नाव आहे. सर्व्हर व्यवस्थित चालू असतानाही कनेक्टरची स्थापना अर्धवट थांबणे, 'सर्व्हर सापडत नाही' असा संदेश येणे किंवा स्थापना पूर्ण होऊनही संगणक सर्व्हरच्या यादीत न दिसणे, या तक्रारी या प्रणालीच्या वापरात नेहमी आढळतात. त्यांची कारणे आणि निवारणाचा क्रम यांची माहिती या लेखात दिली आहे.

कनेक्टर बसला नाही तर सर्व्हरचे दिवे लुकलुकत राहतात, सामायिक फोल्डरही उघडतात. मात्र त्या संगणकाची राखीव प्रत घेतली जात नाही. घरच्यांची समजूत अशी असते की छायाचित्रे, प्रमाणपत्रे, हिशेब सारे सुरक्षित आहे. संगणकाची हार्ड डिस्क निकामी झाल्यावरच हा गैरसमज उघड होतो. म्हणून या बिघाडाकडे केवळ तांत्रिक अडचण म्हणून पाहून चालत नाही.

पार्श्वभूमी

विंडोज होम सर्व्हरची घोषणा बिल गेट्स यांनी ७ जानेवारी २००७ रोजी अमेरिकेतील लास व्हेगास येथील ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ही प्रणाली बाजारात आली. पहिली आवृत्ती विंडोज सर्व्हर २००३ वर आधारित होती. या आवृत्तीस १० पर्यंत घरगुती संगणक जोडता येत. डिस्कवरील एकसारखा मजकूर अनेक संगणकांवर असला, तरी सर्व्हर तो एकदाच साठवीत असे. त्यामुळे अनेक संगणकांच्या प्रती कमी जागेत मावत.

या आवृत्तीत एकापेक्षा अधिक डिस्क असताना काही फायली खराब होण्याचा दोष २००७ च्या अखेरीस उघडकीस आला आणि जुलै २००८ मधील 'पॉवर पॅक १' या सुधारणेने तो दूर करण्यात आला. पुढे विंडोज होम सर्व्हर २०११ ही आवृत्ती एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. ती विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर आधारित होती. पहिल्या आवृत्तीचा आधार ८ जानेवारी २०१३ रोजी, तर २०११ च्या आवृत्तीचा १२ एप्रिल २०१६ रोजी संपला. त्यानंतरची जागा विंडोज सर्व्हर एसेन्शियल्सने घेतली. विंडोज सर्व्हर २०१९ पासून मात्र एसेन्शियल्समधील ही कनेक्टरची सोयही काढून टाकण्यात आली.

कनेक्टरचे कार्य

कनेक्टरच्या स्थापनेत एकामागून एक पायऱ्या येतात. २०११ व त्यापुढील आवृत्तींत प्रथम न्याहाळकात, म्हणजे ब्राउझरमध्ये, सर्व्हरचे नाव आणि त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'कनेक्ट' हा शब्द टाइप केला जातो. उघडलेल्या पानावरून स्थापनेची फाईल घेतली जाते. ही फाईल संगणकावर आवश्यक ती डॉट नेट फ्रेमवर्क आहे का हे पाहते; नसेल तर ती बसवते. नंतर सर्व्हरचा पासवर्ड विचारला जातो. मग सर्व्हर त्या संगणकास एक डिजिटल प्रमाणपत्र देतो. त्या प्रमाणपत्राच्या आधारे पुढील सर्व संवाद चालतो. शेवटी संगणकाचे नाव सर्व्हरच्या यादीत नोंदले जाते आणि रोजच्या प्रतीची वेळ ठरते.

स्थापना कोणत्या पायरीवर थांबली हे कळले की निम्मे निदान होते. पानच उघडत नसेल, तर दोष नेटवर्कमध्ये असतो. पान उघडून फ्रेमवर्कच्या टप्प्यावर अडत असेल, तर दोष त्या संगणकात असतो. पासवर्ड स्वीकारल्यानंतर अडत असेल, तर घड्याळ, प्रमाणपत्र किंवा सुरक्षा-भिंत, म्हणजे फायरवॉल, यांकडे पाहावे.

प्रमुख कारणे

नेटवर्कचा दोष. बऱ्याच घरांत फायबर जोडणीसोबत आलेला एक राउटर आणि विकत घेतलेला दुसरा वाय-फाय राउटर असे दोन राउटर असतात. दोन्ही स्वतंत्रपणे पत्ते वाटू लागले की सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१ ने, तर लॅपटॉपचा १९२.१६८.० ने सुरू होतो. दोघांनाही इंटरनेट मिळते, परंतु ते एकमेकांस दिसत नाहीत. अशा वेळी दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद करून त्याला केवळ वाय-फाय पुरवण्यासाठी, म्हणजे ॲक्सेस पॉइंट म्हणून, वापरावे. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेला संगणकही सर्व्हरला पाहू शकत नाही. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास त्या संगणकास राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे.

नावाचा दोष. सर्व्हरचा अंकी पत्ता देऊन 'पिंग' केल्यास उत्तर येते, परंतु नाव दिल्यास येत नाही, असे असेल तर नावाचे पत्त्यात रूपांतर होत नाही. संगणकाच्या नेटवर्क मांडणीत बाहेरील डीएनएस सेवेचा पत्ता हाताने भरलेला असला, तर घरातील सर्व्हरचे नाव तिला ठाऊक नसते. उपाय म्हणून सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून द्यावा आणि गरज पडल्यास संगणकाच्या 'होस्ट्स' फाईलमध्ये तो पत्ता व नाव यांची जोडी लिहावी.

घड्याळाचा दोष. प्रमाणपत्रावर 'या वेळेपासून या वेळेपर्यंत वैध' अशी नोंद असते. सर्व्हरचे घड्याळ पुढे आणि संगणकाचे मागे असले, तर नुकतेच दिलेले प्रमाणपत्र संगणकाच्या दृष्टीने अद्याप सुरूच झालेले नसते. मग स्थापना अस्पष्ट संदेश देऊन थांबते. तारीख, वेळ आणि वेळक्षेत्र या तिन्ही गोष्टी दोन्हीकडे सारख्या असाव्यात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. वेळक्षेत्र चुकीचे निवडून केवळ काटे जुळवले, तर प्रत्यक्षात तितकाच फरक उरतो. एसेन्शियल्स आवृत्तीत संगणक डोमेनमध्ये सामील होतो आणि त्यासाठी घड्याळांतील फरक सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक चालत नाही.

सुरक्षा-सॉफ्टवेअर. वेगळे विकत घेतलेले विषाणुरोधक सॉफ्टवेअर कनेक्टरचा संवाद अडवू शकते. या संवादास ८० व ४४३ या नेहमीच्या पोर्टांखेरीज प्रमाणपत्रासाठी ६५५०० आणि पुढील सेवांसाठी ६६०२ हे पोर्ट लागतात. विंडोजने घरचे नेटवर्क 'सार्वजनिक' मानले असल्यास ते 'खाजगी' करावे. सुरक्षा-भिंत कायमची बंद ठेवणे हा उपाय नव्हे. निदानापुरती ती काही मिनिटे बंद करून पाहावी आणि कारण सापडताच आवश्यक तेवढीच वाट मोकळी करावी.

आवृत्तीचा मेळ. पहिल्या आवृत्तीत ६४-बिट व्हिस्टासाठीचा आधार पॉवर पॅक १ ने, तर विंडोज ७ साठीचा आधार नोव्हेंबर २००९ मधील पॉवर पॅक ३ ने आला. २०११ ची आवृत्ती एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकशिवाय त्या संगणकास स्वीकारत नाही. म्हणून सर्व्हरवरील सुधारणा आधी बसवाव्यात, मग संगणकाकडे वळावे. संगणकावर नवी विंडोज चढवल्यानंतर कनेक्टर निघून गेल्याचेही आढळते. तेव्हा तो पुन्हा बसवावा लागतो.

अर्धवट अवशेष. एकदा अयशस्वी झालेली स्थापना मागे फायली आणि नोंदी ठेवून जाते. त्यामुळे दुसरा प्रयत्न पहिल्याहून वेगळ्या ठिकाणी अडतो आणि निदान करणाऱ्याची दिशाभूल होते.

निवारणाचा क्रम

पुढील क्रम साध्या गोष्टींकडून अवघड गोष्टींकडे जातो. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा प्रयत्न करावा. एकदम चार बदल केल्यास दोष कशाने गेला हे कळत नाही.

१. राउटर, सर्व्हर आणि संगणक याच क्रमाने बंद करून पुन्हा सुरू करावेत. विंडोजच्या प्रलंबित सुधारणा पूर्ण होऊ द्याव्यात.

२. शक्य असल्यास संगणक तारेने राउटरला जोडावा. वाय-फायचा प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो.

३. दोन्ही यंत्रांचे पत्ते पाहावेत. नंतर प्रथम पत्त्याने आणि मग नावाने पिंग करावे.

४. तारीख, वेळ आणि वेळक्षेत्र ताडून पाहावे.

५. संगणकावर प्रशासकाच्या खात्याने प्रवेश करून स्थापना चालवावी.

६. नियंत्रण पटलातून कनेक्टरचे जुने अवशेष काढावेत, संगणक पुन्हा सुरू करावा आणि सर्व्हरवरून स्थापनेची ताजी फाईल घ्यावी.

७. तरीही अडल्यास नोंदवही, म्हणजे लॉग, वाचावी. २०११ व त्यापुढील आवृत्तींत सी ड्राइव्हवरील 'प्रोग्रॅम डेटा' या लपवलेल्या फोल्डरात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज सर्व्हर' आणि त्यात 'लॉग्स' हे फोल्डर असते. तेथील 'क्लायंट डिप्लॉय' या फाईलच्या शेवटाकडून वर वाचत गेल्यास पहिली खरी चूक सापडते. तिच्या खालच्या चुका बहुधा तिच्याच परिणाम असतात.

सर्व्हरच्या यादीतून संगणकाचे नाव काढून टाकणे हा शेवटचा उपाय समजावा. नाव काढताना त्या संगणकाच्या आधी घेतलेल्या राखीव प्रतीही पुसल्या जाऊ शकतात. पडद्यावरील सूचना पूर्ण वाचल्याशिवाय आणि महत्त्वाच्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्याशिवाय हे पाऊल उचलू नये.

नागपूरसारख्या शहरांतील विशेष बाबी

नागपुरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बंद कपाटात किंवा माळ्यावर ठेवलेला सर्व्हर अशा दिवसांत अतितापाने आपोआप बंद पडू शकतो. मग दुपारी स्थापना होत नाही आणि पहाटे होते, असा चकवणारा अनुभव येतो. विदर्भातील घरांत कूलरचा वापर सर्रास होतो. कूलरची हवा ओलसर असल्याने सर्व्हर तिच्या थेट झोतात ठेवू नये. पंख्याच्या मोकळ्या हवेत ठेवावा.

वीज खंडित होण्याचाही या बिघाडाशी दुहेरी संबंध आहे. मदरबोर्डवरील ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असल्यास वीज जाताच संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते आणि वर सांगितलेला प्रमाणपत्राचा दोष उद्भवतो. हा सेल स्वस्त असतो व सहज बदलता येतो. दुसरे असे की, वीज परत आल्यावर राउटर सर्व्हरला नवा पत्ता देऊ शकतो. होस्ट्स फाईलमध्ये जुना पत्ता लिहिलेला असल्यास काल चाललेली जोडणी आज तुटते. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवणे आणि सर्व्हर व राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवणे, हे त्यावरील उपाय आहेत.

यशाची पडताळणी

'स्थापना पूर्ण झाली' हा संदेश म्हणजे कार्यसिद्धी नव्हे. सर्व्हरच्या यादीत संगणकाचे नाव दिसते का, पहिली राखीव प्रत पूर्ण झाली का आणि त्या प्रतीतून एखादी फाईल परत काढून उघडता येते का, या तीन गोष्टी पाहिल्यावरच जोडणी यशस्वी मानावी. पहिल्या प्रतीस बराच वेळ लागतो, कारण तेव्हा सर्व मजकूर सर्व्हरकडे जातो. पुढील प्रतींत केवळ बदललेला भाग जातो.

आधार संपलेल्या प्रणालीस नवे सुरक्षा-दुरुस्तीसंच मिळत नाहीत. असा सर्व्हर वापरात असलाच, तर तो बाहेरील इंटरनेटवरून पोहोचता येणार नाही अशा रीतीने ठेवणे आणि त्यावरील माहितीची आणखी एक प्रत घराबाहेर राखणे श्रेयस्कर ठरते. कारण गृहसर्व्हर चोरीस गेला, जळाला किंवा पाण्यात भिजला, तर त्याच्यासोबत त्याच्यावरील साऱ्या प्रतीही जातात.