धानपट्ट्यातल्या खेळाडू मुली आणि ताटाचे गैरसमज

१९ जानेवारी २०२५ रोजी प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी दिल्लीत नेपाळला ७८-४० असे हरवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. असा वेग यायचा तर सरावाला पुरेल इतके अन्न हवे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावसारख्या धानाच्या तालुक्यात ते बरेचसे घरचेच असते. आडवे येतात ते समज.

गैरसमज : भाताने अंग जड होते, खेळाडूने पोळीच खावी.

वस्तुस्थिती : खो-खोतला पाठलाग असो की कबड्डीतली चढाई, स्नायू साठवलेले ग्लायकोजेन जाळतात. ते पिष्टमय अन्नातून तयार होते आणि त्यात भात कुठेच कमी नाही. सुस्ती येते ती सामन्याच्या तोंडावर पोटभर जेवल्याने. तीन तास आधी वरण-भात आणि तासभर आधी एखादे केळे पुरते.

गैरसमज : डब्यातल्या पावडरीशिवाय ताकद येत नाही.

वस्तुस्थिती : नियमित सराव करणाऱ्यांना दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते २ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलोच्या मुलीला किमान ६० ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, १०० ग्रॅम मासोळीत १८च्या आसपास. नवेगावबांध-इटियाडोह जलाशयांतली मासोळी, धुऱ्यावरची तूर, अंडी, दही यांतून हा हिशेब जुळतो. लाखोळीतही प्रथिने भरपूर आहेत. मात्र महिनोन्‌महिने तिच्यावरच भिस्त ठेवली तर पाय लुळे पडण्याचा धोका असतो.

गैरसमज : कसून सराव केला की पाळी थांबतेच, त्यात काळजीचे काही नाही.

वस्तुस्थिती : खर्चाच्या मानाने खाणे अपुरे पडले की शरीर काटकसर करू लागते. पाळी चुकते, हाडे कमकुवत होतात, त्यांना बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असे नाव दिले. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज : गूळ-शेंगदाणे खाल्ले की रक्त भरते.

वस्तुस्थिती : त्यातून ऊर्जा मिळते, पण लोहाची गरज भागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळल्याने लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबरच्या चहाने ते कमी होते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीही टाळू नये.

मुलीला लवकर दम लागत असेल, तर तिला आळशी ठरवण्याआधी प्रशिक्षकांनी आणि पालकांनी तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.