रायपूर सोडा, झाबुआत राहा

तडीपारीचा कायदा आपल्याकडे साधारणपणे गुंडांच्या बातम्यांत भेटतो. अमुक गुंड तडीपार, तमुक टोळी दोन जिल्ह्यांतून हद्दपार, एवढेच आपण वाचतो आणि पान उलटतो. पण न्यायालयाने शिक्षा न सुनावता, केवळ संशयावरून माणसाला त्याच्या गावातून काढण्याचा अधिकार सरकारला कुठपर्यंत आहे, या प्रश्नाचे एक फार मोठे उत्तर रायपूरच्या प्रकरणातून मिळाले आहे. ब्राह्मणपारा, तात्यापारा अशा जुन्या वस्त्यांच्या या शहरात भोसल्यांच्या राजवटीपासून मराठी माणूस आहे. तरीही हे प्रकरण मराठी वाचकाला जवळजवळ अपरिचित आहे.

24 एप्रिल 1963 रोजी मध्य प्रदेश सरकारने ठाकूर भरतसिंह यांच्यावर एक आदेश बजावला. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. आदेशात तीन हुकूम होते. रायपूर जिल्ह्यात कुठेही राहायचे नाही. ताबडतोब झाबुआ गावी जायचे आणि तिथेच मुक्काम करायचा. शिवाय आपल्या हालचाली कळवायच्या आणि झाबुआच्या ठाणे अंमलदारासमोर रोज सकाळी आठला आणि रात्री आठला जातीने हजर व्हायचे. नकाशा पाहिला की या हुकमाचे वजन कळते. रायपूर त्या वेळच्या राज्याच्या पूर्वेला, तर झाबुआ थेट पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून असलेला भिल्लांचा मुलूख. तिथे भरतसिंहांना घर कोण देणार, पोटापाण्याचे काय, याबद्दल आदेशात अवाक्षर नव्हते. दिवसातून दोनदा ठाण्यात हजेरी लावणाऱ्याला धड नोकरी करता येत नाही की शेजारच्या गावी जाता येत नाही.

आधार होता 1959 च्या मध्य प्रदेश सार्वजनिक सुरक्षा कायद्याच्या तिसऱ्या कलमाचा. भरतसिंह उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सरकारचा मोठा भरवसा आणीबाणीवर होता. चीनच्या आक्रमणामुळे ऑक्टोबर 1962 मध्ये आणीबाणी पुकारली गेली होती आणि त्या काळात संविधानाच्या 19 व्या अनुच्छेदातली स्वातंत्र्ये सरकारच्या आड येत नाहीत, असा युक्तिवाद झाला. 1967 च्या जानेवारीत न्या. जे. सी. शाह यांनी निकालपत्रात तो खोडून काढला. कायदा 1959 चा, म्हणजे आणीबाणीच्या आधीचा. तो जन्मतःच संविधानाच्या विरुद्ध असेल तर नंतरची आणीबाणी त्यात प्राण फुंकू शकत नाही. माणसाला जिथे ना घर ना उपजीविका, अशा ठिकाणी नेऊन ठेवायचे आणि त्याआधी त्याचे म्हणणेही ऐकायचे नाही, हे निर्बंध वाजवी नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. याच निकालातले दुसरे सूत्र मला त्याहून मोलाचे वाटते: सरकारच्या ज्या कृतीने नागरिकाचे नुकसान होते, तिच्या पाठीशी वैध कायदा असलाच पाहिजे. केवळ सरकारची इच्छा पुरत नाही.

इथवर पोचायला सतरा वर्षे लागली, आणि सुरुवात पराभवाने झाली होती. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे 1937 साली मध्य प्रांत-वऱ्हाडचे मुख्यमंत्री झाले. रायपूर त्याच प्रांतात होते. पुढच्याच वर्षी त्यांचे मंत्रिमंडळ गेले आणि रायपूरचे रविशंकर शुक्ल त्यांच्या जागी आले. त्याच खऱ्यांना, हिंदू महासभेचे अध्यक्ष असताना, 31 मार्च 1950 रोजी दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने तीन महिन्यांसाठी दिल्लीबाहेर काढले. खऱ्यांनी सर्वोच्च न्यायालय गाठले. निकाल 26 मे 1950 चा, म्हणजे संविधान लागू होऊन चार महिने झाले होते. पाचांपैकी तिघा न्यायमूर्तींनी कायदा उचलून धरला. अधिकाऱ्याची खात्री पटली की पुरे, असेच ते मत होते. न्या. मेहरचंद महाजन आणि न्या. बी. के. मुखर्जी यांनी मात्र असहमती नोंदवली: राज्य सरकारच्या आदेशाला मुदतीची कमाल मर्यादा नाही आणि हद्दपारीची कारणे कळवण्याचे बंधन नाही, तर त्याला वाजवी कसे म्हणायचे? त्या वेळी अल्पमतात राहिलेला हा विचारच पुढे वजनदार ठरला, असे माझे मत आहे.

1960 मध्ये त्याची चुणूक दिसली. मध्य प्रांत-वऱ्हाडचा 1946 चा गुंडाविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने बलदेव प्रसाद प्रकरणात रद्द ठरवला. निकाल न्या. प्र. बा. गजेंद्रगडकरांचा. दोष साधा आणि भयंकर होता. समोरचा माणूस मुळात गुंड आहे का, हे आधी ठरवण्याची सक्तीच कायद्यात नव्हती आणि आपण गुंड नाही हे दाखवण्याची संधी त्याला नव्हती.

मुंबईचा कायदा मात्र टिकला, आणि तो का टिकला हे पाहण्यासारखे आहे. 1951 च्या पोलीस कायद्यातली 55 ते 57 ही तडीपारीची कलमे आजही महाराष्ट्रात लागू आहेत. 1956 मध्ये हरी खेमू गवळी प्रकरणात 57 वे कलम बहुमताने वैध ठरले. मुदत दोन वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही, आधी नोटीस द्यावी लागते, वकील लावता येतो, राज्य सरकारकडे अपील करता येते. पण साक्षीदार दहशतीमुळे उघडपणे पुढे येत नाहीत, हेच मुळात या कायद्याचे कारण. म्हणून त्यांची नावे नोटिशीत द्यावी लागत नाहीत. आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप सांगितले की पुरते. पंढरीनाथ रांगणेकर प्रकरणात न्या. य. वि. चंद्रचूड यांनी हेच मान्य केले. यात बचाव करणाऱ्याची अडचण खरी आहे, आणि वस्तीतल्या माणसाची भीतीही खरी आहे.

त्यामुळे आज वाद कायद्यापेक्षा एकेका आदेशावर होतो. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात 28 जानेवारी 2022 रोजी न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने दोन वर्षांची तडीपारी रद्द केली. तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे. जुन्यापुराण्या गुन्ह्यांची यादी जोडून भागत नाही, आदेशाशी त्यांचा जिवंत संबंध लागतो. आणि कमाल मुदत द्यायची तर ती का, हे लिहावे लागते.

ब्राह्मणपाऱ्यात आज असा आदेश आला तर तो छत्तीसगड राज्य सुरक्षा अधिनियम, 1990 खालचा असतो. तिथे याला जिलाबदर म्हणतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. पण हद्दीत रायपूरसोबत दुर्ग, धमतरी, महासमुंद असे लगतचे जिल्हेही घालता येतात. कायद्याने म्हणणे मांडण्याची संधी आणि राज्य सरकारकडे अपील, दोन्ही दिले आहे.

म्हणून कुणाच्या घरी अशी नोटीस आली, तर ती न घेता परत पाठवू नये आणि घाबरून गावही सोडू नये. नोटिशीवरची तारीख पाहावी, आरोप कधीचे आहेत ते तपासावे, ठरलेल्या दिवशी वकिलासह हजर राहून लेखी उत्तर द्यावे, आणि आदेश झालाच तर त्यातली मुदत, जिल्हे आणि कारणे एकेक करून वाचावीत. अपिलाची मुदत मात्र चुकवू नये.