बांधणी एका प्रोसेसरवर, धाव दुसऱ्यावर

क्रॉस-कंपायलिंग म्हणजे प्रोग्रॅम ज्या प्रोसेसरवर चालायचा आहे, त्यापेक्षा वेगळ्या प्रोसेसरच्या संगणकावर तो तयार करणे. सी भाषेतला मजकूर कोणत्याही यंत्रावर सारखाच असतो, पण कंपायलर त्यातून ज्या सूचना घडवतो, त्या एकाच प्रोसेसर-कुळाला कळतात. इंटेलच्या सूचना एआरएमला कळत नाहीत आणि एआरएमच्या इंटेलला.

बऱ्याचदा दुसरा मार्गच नसतो. आर्डुइनो उनोवरच्या चिपमध्ये रॅम अवघी 2 किलोबाइट. तिथे कंपायलर मावणार कुठे? प्रोग्रॅम जिथे चालायचा त्याच यंत्रावर तो तयार करता न येण्याचा हा प्रश्न जुनाच आहे. 1975 साली पॉल अ‍ॅलन आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर या संगणकासाठी बेसिक लिहिले, तेव्हा त्यांच्याकडे अल्टेअर नव्हताच. हार्वर्डच्या पीडीपी-10 संगणकावर अ‍ॅलन यांनी इंटेल 8080 ची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहिला आणि सगळे काम त्यावर तपासले. मग कागदी फीत घेऊन अ‍ॅलन अल्टेअरच्या निर्मात्यांकडे अल्बुकर्कीला गेले आणि बेसिक खऱ्या यंत्रावर चालले.

आज कंपायलर मिळवणे सोपे आहे. जीसीसी आणि क्लँग हे दोन्ही फुकट मिळतात. खरी कसोटी लागते ती लक्ष्य, म्हणजे प्रोग्रॅम ज्यावर चालायचा तो प्रोसेसर, नेमके सांगताना. 2012 सालच्या पहिल्या रास्पबेरी पायमध्ये एआरएमची सहावी आवृत्ती आहे, तर डेबियन लिनक्सचा ‘आर्म-एचएफ’ कंपायलर सातवी आवृत्ती गृहीत धरतो. प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होतो आणि पायवर नेताच ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ एवढेच सांगून बंद पडतो. कंपायलरला सहावी आवृत्ती बजावून सांगितली, तरी तेवढ्याने भागत नाही, कारण प्रत्येक प्रोग्रॅमला जोडला जाणारा सुरुवातीचा भाग आणि सी लायब्ररी आधीच सातव्या आवृत्तीसाठी बांधलेली असतात.

म्हणूनच कंपायलरइतकेच महत्त्व सिसरूटला आहे. लक्ष्य यंत्रावरच्या लायब्रऱ्या आणि हेडर फाइल्स जशाच्या तशा ज्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात, तो सिसरूट. त्यातली सी लायब्ररी पायवरच्या लायब्ररीपेक्षा नवी निघाली, तर प्रोसेसर जुळूनही प्रोग्रॅम बऱ्याचदा सुरू होत नाही. गो भाषेत लक्ष्य बदलायला सहसा दोन व्हेरिएबल्स पुरतात, ही सोय खरोखर मोठी आहे. पण सी लायब्ररी वापरायची वेळ आली की सिसरूटची गरज तिथेही पडते.

तपासणीसाठी फाब्रिस बेलार यांचे क्वेमू हाताशी असते. ते इंटेलच्या संगणकावर एआरएमचे प्रोग्रॅम चालवते. मात्र प्रोसेसरचे नाव सांगितले नाही, तर क्वेमू नव्या सूचनाही स्वीकारते आणि पायवर कोसळणारा तोच प्रोग्रॅम तिथे सुरळीत चालतो. पहिल्या पायसाठी त्याला ‘एआरएम1176’ हे नाव द्यावे लागते.