बिऱ्हाड कोठे करावे? धार आणि देवास

बिऱ्हाड हलविणे ही गोष्ट पूर्वी माणसाच्या इच्छेवर फारशी अवलंबून नसे. नोकरी जेथे नेईल तेथे जावयाचे, भाड्याच्या दोन खोल्यांत संसार मांडावयाचा आणि गावात जी शाळा असेल तिच्यात मुलांची नावे घालावयाची, असा सरळ क्रम होता. आज तो पुष्कळसा बदलला आहे. माळव्यातील एखाद्या कारखान्यात काम करणारा गृहस्थ इंदुरात राहू शकतो. तेथील भाडे झेपत नाही असे वाटल्यास देवासला किंवा धारला घर पाहू शकतो. निवडीची मोकळीक आली, आणि तिच्याबरोबर विचाराची जबाबदारीही आली. कारण चुकीच्या गावी केलेले बिऱ्हाड मोडावयास पैसा लागतो, आणि त्या मोडतोडीत मुलांची जी वर्षे जातात ती पुन्हा मिळत नाहीत.

धार आणि देवास ही दोन्ही गावे मराठी माणसाला परकी नाहीत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पवार घराण्याच्या शाखा येथे स्थिरावल्या. धारचे संस्थान एक, तर देवासची दोन: थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार आणि दोन कारभार नांदत. थोरल्या पातीच्या महाराजांकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ मध्ये खासगी चिटणीस म्हणून राहिले होते, आणि त्या दिवसांवर त्यांनी १९५३ मध्ये एक पुस्तकही प्रसिद्ध केले. धारच्या किल्ल्यात १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पवारांच्या मागोमाग शिलेदार आले, कारकून आले, पुराणिक आले, पुढे शिक्षक आणि वैद्य आले. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात विलीन झाली. दरबार गेले, पण वाडे राहिले, आणि वाड्यांतील मराठी घरेही पुष्कळ काळ राहिली.

तथापि पूर्वजांचा वाडा आहे एवढ्यावर कोणत्याही कुटुंबाने गाव निवडू नये. आज देवास हे कारखान्यांचे शहर आहे. चलनी नोटा छापणारा सरकारी छापखाना तेथे १९७४ पासून आहे, आणि त्याच सुमारास तेथे मोठ्या उद्योगांची वसाहत वाढली. २०११ च्या जनगणनेत देवासची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार होती. धारची त्या वेळी ९४ हजारांच्या आसपास होती. धार शहर शांत आणि आटोपशीर राहिले. त्याच्या जिल्ह्यातील पिथमपूर मात्र १९८० नंतर मोटारींच्या कारखान्यांमुळे भरभराटीस आले. पुण्याकडील काही कुटुंबे या कारखान्यांच्या निमित्ताने माळव्यात आली, आणि धारला राहावे की इंदुरास, हा प्रश्न त्यांच्यापुढे नेहमीच येतो.

अशा वेळी पहिली चौकशी होते ती भाड्याची. ती स्वाभाविक आहे, पण अपुरी आहे. इंदूरच्या मानाने देवास स्वस्त आणि धार त्याहूनही स्वस्त, हे सर्वसाधारणपणे खरे. परंतु घरखर्चाच्या वहीत भाड्याखाली आणखी चार रकाने असतात: प्रवास, पाणी, औषधपाणी आणि शिक्षण. देवासहून इंदूर सुमारे ३५ किलोमीटर आहे, आणि उज्जैनही जवळजवळ तेवढेच. मुंबई-आग्रा रस्ता गावातून जातो. इंदूर-उज्जैन लोहमार्गावरही देवास आहे. धारहून इंदूर साठ किलोमीटरांहून अधिक, आणि धारच्या कित्येक पिढ्यांना आगगाडी धरावयाची तर आधी मोटारीने इंदूर वा महू गाठावे लागले. इंदूर-दाहोद लोहमार्गाची कोनशिला २००८ मध्ये बसली. परंतु कोनशिला बसल्यानंतर गाडी धावेपर्यंत मुलाचे सारे शालेय जीवन निघून जाऊ शकते, हे येथील लोकांनी अनुभवले आहे. म्हणून घर घ्यावयाचे ते आज चालू असलेल्या वेळापत्रकावर. होऊ घातलेल्या मार्गावर नव्हे. घरातील एका माणसाने रोज चार तास रस्त्यावर घालविले, तर भाड्यात वाचलेले पैसे त्याच्या प्रकृतीतून आणि मुलांजवळच्या संध्याकाळीतून वसूल होतात.

पाण्याचा रकाना तर विशेष काळजीने भरावा. माळव्यात पावलोपावली भाकरी आणि पाणी मिळते, असे जुने लोक अभिमानाने सांगत. विहिरींचा उपसा वाढला, नळकूप खोलखोल गेले, आणि १९९० नंतरच्या दशकात देवासला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी आणण्याची वेळ आली. २००६ पासून देवास जिल्ह्यात शेततळ्यांची मोठी मोहीम झाली आणि शेतकऱ्यांनी हजारो तळी खोदली. नर्मदेचे पाणी क्षिप्रेत सोडणारी योजना २०१४ मध्ये पूर्ण झाली. स्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरीही घर पाहावयाचे ते श्रावणात पाहू नये, वैशाखात पाहावे. धारला परमार काळापासूनचे तलाव आहेत. गावकरी त्यांची गणती साडेबारा अशी गमतीने सांगतात; मुंज तलावाचे नाव तर राजा मुंजापासून आले, असे मानतात. परंतु तलाव जवळ असला म्हणजे नळाला पाणी येते, असे नाही. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ चालतो आणि वरच्या मजल्यावर चढतो काय, हे घरमालकापेक्षा शेजारच्या बाईला विचारावे. तिचे उत्तर अधिक खरे असते.

आता शाळेचा प्रश्न. चांगली शाळा म्हणजे मोठी इमारत आणि पिवळी बस, अशी एक समजूत पसरली आहे. इमारत डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा मान होतो. शिक्षक दिसत नाहीत. त्यांची चौकशी करावी लागते. नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकविणारे शिक्षक शाळेत किती वर्षे टिकले आहेत, हा एकच प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. दर वर्षी शिक्षक बदलणाऱ्या शाळेत शुल्क कितीही असो, अभ्यास घरच्या शिकवणीवरच चालतो. आणि शिकवणीचा खर्च हा शाळेच्या शुल्कातच धरला पाहिजे.

दोन्ही गावी केंद्रीय विद्यालये आहेत. बदलीच्या नोकरीत असलेल्या केंद्र सरकारी सेवकांच्या मुलांना तेथे अग्रक्रम मिळतो; इतरांनी जागा मिळेलच असे गृहीत धरू नये. दोन्ही जिल्ह्यांत जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला परीक्षा घेऊन तेथे प्रवेश देतात, मुले तेथेच राहतात, आणि बहुतेक जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. राज्य शासनाची उत्कृष्ट विद्यालये नववीपासून परीक्षेने प्रवेश देतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी शाळांनी सुरुवातीच्या वर्गांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. कमी मिळकतीच्या कुटुंबाने या वाटा आधी तपासाव्यात आणि मग महागड्या शाळेकडे वळावे.

यापुढे खरा फरक दिसू लागतो तो मुलाच्या वयाप्रमाणे. मूल पाच-सहा वर्षांचे असता त्याला लागते ते जवळचे घर, चालत जाण्यासारखी शाळा, खेळावयास अंगण आणि दुपारी घरी असणारी आजी. या वयात धारसारखे छोटे शहर मोठ्या शहराहून उजवे ठरते. रस्ते ओळखीचे, शिक्षक ओळखीचे, आणि मूल उशिरा परतले तर चार घरांना कळते. मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले म्हणजे गरजा पालटतात. अकरावीला विषयांची निवड हवी, प्रयोगशाळा हवी, स्पर्धा परीक्षांची तयारी हवी. दोन्ही गावी जुनी शासकीय महाविद्यालये आहेत: धारला महाराजा भोज यांच्या नावाचे, देवासला कृष्णाजीराव पवार यांच्या नावाचे. तेथे पदवीपर्यंत शिक्षण होते. पण अभियांत्रिकी, वैद्यक आणि व्यवस्थापन यांचे मोठे केंद्र इंदूर हेच आहे. तेथे १९९६ मध्ये व्यवस्थापन संस्था आणि २००९ मध्ये तंत्रशास्त्र संस्था या दोन राष्ट्रीय संस्था आल्या. देवासचा विद्यार्थी इंदूरला सकाळी जाऊन संध्याकाळी परतू शकतो. धारच्या विद्यार्थ्याला ही ये-जा रोज झेपणे कठीण. त्याच्यासाठी बहुधा वसतिगृह वा खोली घ्यावी लागते.

यावरून हिशेबाची रीत ठरते. गाव महिन्याच्या भाड्याने तोलू नये. मुलांच्या वयाने तोलावे. धाकटे मूल पाच वर्षांचे असेल आणि नोकरी पिथमपुराकडे असेल, तर धार हे कुटुंबाला दहा वर्षे सुखाची देईल. मात्र भाड्यातील बचत पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकून ती मुलाच्या सोळाव्या वर्षानंतरच्या वसतिगृहासाठी राखली पाहिजे. ही बचत घरखर्चात मिसळली, तर धारची स्वस्ताई फसवी ठरते. मुले मोठी असतील, किंवा पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असून त्यांच्या दिशा वेगळ्या असतील, तर देवास अधिक सोयीचे. दोघांपैकी एकाला इंदूर आणि दुसऱ्याला उज्जैन, असे असले तरी घर एकच राहू शकते. इंदूर स्वतः निवडावे ते घरातील आजारी माणसाला मोठ्या रुग्णालयाची वारंवार गरज असेल तेव्हा, किंवा मुलाचा विषयच असा असेल की तो दुसरीकडे शिकविला जात नाही तेव्हा.

पैशाच्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीही असतात. कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. त्या काळात माळव्यातील लोकगीते त्यांच्या कानांवर पडली आणि त्यांच्या गायनाला नवी वाट मिळाली. प्रकृती सुधारल्यावर मुंबई-पुण्याला परतणे त्यांना सहज शक्य होते. ते १९९२ मध्ये निधन होईपर्यंत देवासलाच राहिले. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके हे वसईचे. मुंबईच्या चौपाटीवरील लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांनी घडविला. तेही धारला आले आणि धारचेच झाले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संस्थानी धारचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी तेथील प्राचीन शिलालेखांचा अभ्यास केला. लहान गावात राहिल्याने माणूस लहान होतो, या भीतीला हे उत्तर आहे. गावाने हवा, सवड आणि आपली माणसे दिली, तर काम तेथेही मोठे होते.

शेवटचा आणि मराठी कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक प्रश्न भाषेचा. धार-देवासच्या शाळांत शिक्षण हिंदीतून वा इंग्रजीतून होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने घातलेला अनुच्छेद ३५०क असे सांगतो की, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा. तत्त्व उत्तम आहे. पण वर्ग चालावयाचा तर मुले हवीत, शिक्षक हवेत, आणि आईबापांची इच्छा हवी. पुष्कळ पालकांना वाटते की मराठीचा तास म्हणजे इंग्रजीतून गेलेला तास. परिणाम असा की आजी मराठीत विचारते आणि नातवंडे हिंदीत उत्तर देतात. पुढची पायरी म्हणजे आजीनेच हिंदीत विचारू लागणे. येथे एक सोय मात्र आहे. हिंदी शाळेत जाणाऱ्या मुलाला देवनागरी लिपी आलेलीच असते. तेव्हा त्याला मराठी वाचावयास शिकविणे म्हणजे केवळ ‘ळ’ची ओळख, काही शब्द आणि रोजची सवय. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटे एखादे मराठी पुस्तक मोठ्याने वाचले गेले, तर शाळेने न दिलेली भाषा घर देऊ शकते. म्हणून गाव निवडताना शेजारी चार मराठी घरे आहेत काय, गणेशोत्सवात मुले मराठीत नाटुकले बसवितात काय, आणि मराठी पुस्तके कोठे मिळतात, हेही विचारावे. देवासच्या टेकडीवर चामुंडेबरोबर तुळजाभवानीही आहे. दर्शनाला मराठी माणसे जातात. त्या पायऱ्यांवर मुले कोणत्या भाषेत बोलतात, हे ऐकले तरी गावाची कल्पना येते.

निर्णय घेण्यापूर्वी कुटुंबाने एक दिवस उन्हाळ्यात आणि एक दिवस भर पावसाळ्यात त्या गावी घालवावा. सकाळी शाळा भरण्याच्या वेळी रस्ता चालून पाहावा, संध्याकाळी इंदूरहून परतणाऱ्या मोटारीत बसून पाहावे, आणि रात्री दवाखाना किती दूर आहे ते मोजावे. मग वहीत दोन पाने करावीत. एका पानावर आजचा खर्च, दुसऱ्यावर धाकटे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतचा खर्च. ज्या गावाचे दुसरे पान झेपते, ते गाव त्या कुटुंबाला परवडते. आणि ज्या घरात या हिशेबाला बसताना आजी आणि मुले या दोघांनाही बोलावले जाते, त्या घराचे बिऱ्हाड धारला असो वा देवासला, सहसा चुकीच्या ठिकाणी पडत नाही.