भरली भाजी: सारण बाहेर का येतं?

तर मंडळी, एकच सारण सगळ्या भाज्यांत भरायचं, हे मला पटत नाही. वांग्याचा गर स्पंजसारखा; दाण्याचं कूट, तीळ, गोडा मसाला, सगळ्याची चव तो शोषतो. ढोबळी मिरची मात्र आतून पोकळ, शिवाय शिजताना पाणी सोडते. तिच्यात भाजलेलं बेसन घाला, ते पाणी धरून ठेवतं. कारल्याला आधी मीठ चोळून कडू पाणी पिळायचं.

आता खरी ट्रिक, आजीवाली: झाकणावर पाणी. त्यामुळे ताटली फार तापत नाही, आतली वाफ तिला लागून थेंब होते आणि परत कढईत पडते. भाजीत वेगळं पाणी ओतावं लागत नाही, म्हणून सारण धुऊन जात नाही. गॅस मंदच ठेवा.

देवनारकरांनो, गोवंडी स्टेशनकडून येताना वांगी छोटी आणि देठासकट घ्या. देठ कापू नका हां, चारही फाका त्यानेच एकत्र राहतात.