गारठलेली चेनसॉ
थंड इंजिनात पेट्रोलची पुरेशी वाफ होत नसल्यामुळे चेनसॉ सुरू करताना चोक, म्हणजे कार्बोरेटरमध्ये शिरणारी हवा अडवून मिश्रणातील इंधनाचे प्रमाण वाढवणारी झडप, बंद ठेवावी लागते. मात्र इंजिनाने पहिला फटका दिल्यावरही ती तशीच ठेवून दोरी ओढत राहिल्यास सिलिंडरमध्ये इंधन साचते आणि स्पार्क प्लग भिजून ठिणगी पडेनाशी होते. हा दोष यंत्राचा नव्हे, ओढणाऱ्याच्या उत्साहाचा. असा प्लग काढून पुसावा व त्याची फट, जी बहुधा ०.५ मिलिमीटर असते, तपासावी. प्लग कोरडाच निघाला, तर इंधन पोहोचत नाही असे समजून टाकीतील गाळणी व नळी पाहावी. जुने, ऑइल मिसळलेले पेट्रोल तर आधीच बदलावे. दोरी ओढताना चेनब्रेक लावलेला असावा.