मुलांपासून लपविलेले आजारपण

धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुके शेजारच्या बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणीत १९८७ पासून समाविष्ट आहेत. दप्तरी रोगाची नोंद होते. घरात मात्र पुष्कळदा 'आई पाहुण्यांकडे गेली आहे' असेच मुलांना सांगितले जाते. कोवळ्या मनाला धक्का बसू नये, हा हेतू चांगलाच. परंतु मोडलेले दागिने, विकलेले बैल, वडीलधाऱ्यांची कुजबुज मुलाच्या नजरेतून सुटत नाही. कारण न कळल्यास ते दोष स्वतःच्याच माथी घेऊ शकते. म्हणून त्याच्या वयाला पेलेल अशा भाषेत आजाराचे नाव सांगावे. तो स्पर्शाने होत नाही, तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुझा सांभाळ कोण करील, हेही सांगावे. बरे होण्याचे खोटे वचन देऊ नये. सत्य ऐकून मूल रडेल. पण घरच्यांजवळ रडेल.